मिसळणे आणि मोडणे : वेटसूटवरच्या कॅमोफ्लाजच्या दोन रीती

देवळाली कॅम्पच्या रस्त्याने जाताना तोफखाना स्कूलच्या परिसरात लष्करी गाड्या दिसतात, आणि त्यांच्या हिरव्या रंगावरचे काळे पट्टे नाशिककरांच्या नजरेला इतके सवयीचे झालेले असतात की ते तसेच का काढले, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. विचारलेच तर "झाडीत गाडी दिसू नये म्हणून" हे उत्तर तयार असते. हिरव्यापुरते ते बरोबर आहे, परंतु झाडीत वाकडेतिकडे काळे पट्टे कुठून येणार? हिरवा रंग गाडीला झाडीत मिसळवतो, तर काळा पट्टा गाडीचा चौकोनी आकार मोडतो. ही दोन कामे वेगळी आहेत, त्यांची तत्त्वे वेगळी आहेत, आणि 'कॅमोफ्लाज' या एकाच शब्दाखाली दोन्ही कोंबल्यामुळे रंगवणाऱ्याची फसगत होते. माझीही झाली.

निमित्त एका वेटसूटचे, म्हणजे थंड पाण्यात अंग उबदार ठेवणाऱ्या रबरी पोशाखाचे, होते. सिडनीला राहणारा माझा भाचा दिवाळीत नाशिकला आला तो आपला जुना काळा सूट बॅगेत घालूनच. श्वास रोखून पाण्यात उतरायचे आणि भाल्याच्या बंदुकीने मासा टिपायचा, हा त्याचा छंद आहे. न्यू साउथ वेल्समध्ये हवेची टाकी लावून अशी शिकार करण्यास मनाई असल्यामुळे त्याच्या हाती प्रत्येक बुडीत फार थोडा वेळ असतो आणि तेवढ्यात मासा जवळ यावा लागतो. नवा छापील सूट महाग म्हणून जुनाच रंगवायचा बेत ठरला, आणि चित्रकला शिकवण्यात माझे आयुष्य गेले असल्यामुळे ते काम ओघानेच मामाकडे आले.

आधी मिसळण्याविषयी. मिसळणे म्हणजे अंगाचा रंग, उजळ-गडदपणा आणि पोत मागच्या दृश्यासारखा करणे. नदीकाठच्या गोट्यांमध्ये घातलेली टिटवीची अंडी हे याचे नेमके उदाहरण होय. अंड्याच्या मातकट रंगावर गडद ठिपके असतात, आणि अंडे कुठेही आपला आकार लपवण्याचा प्रयत्न करत नाही, कारण आजूबाजूचे गोटेही साधारण त्याच आकाराचे असतात. या रीतीची मर्यादाही तिथेच दिसते. तेच अंडे हिरवळीवर ठेवले, तर ते लांबूनही ओळखू येईल. मिसळणे एका जागेशी बांधलेले असते, आणि जागा बदलली की ते निकामी होते.

मोडण्याचे तत्त्व याहून वेगळे आहे. नांदूर मध्यमेश्वरला, म्हणजे 2020 मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर क्षेत्र (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) म्हणून जाहीर झालेल्या जागी, कंठेरी चिखल्या नावाचा लहानसा पक्षी चिखलाच्या काठाने धावताना दिसतो. त्याची पाठ चिखलाच्या रंगाची असते, म्हणजे मिसळण्याचे काम तिथे झालेलेच असते. परंतु गळ्याभोवती पांढऱ्याला लागून ठळक काळा पट्टा आणि कपाळावर दुसरा काळा पट्टा असतो. पक्षी लपवायचा, तर इतका ठळक पट्टा कशासाठी? दुर्बिणीतून पाहताना तो उठून दिसतो, पण दुर्बीण खाली करून साध्या डोळ्यांनी पाहिले आणि पक्षी थबकलेला असला, तर त्या पट्ट्यामुळेच डोके धडापासून तुटल्यासारखे वाटते आणि पक्ष्याऐवजी दोन असंबद्ध खडे दिसतात. डोळा वस्तू ओळखतो तो मुख्यतः तिच्या कडेवरून, आणि मोडणारा रंग नेमका त्या कडेवर घाव घालतो.

हा घाव कडेवरच का हवा, याचा एक सुंदर प्रयोग ब्रिस्टल विद्यापीठातील इनेस कटहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी पतंगासारखे कागदी त्रिकोण ओकच्या खोडांवर लावले आणि प्रत्येकाला पक्ष्यांसाठी एक अळी जोडली. सर्व त्रिकोणांचे रंग ओकच्या सालीशी जुळणारेच होते. फरक इतकाच, की काहींवर डाग कडेपर्यंत जाऊन कडेनेच कापलेले होते, तर काहींवर तसेच डाग कडेपासून आत ठेवलेले होते. कडेवर डाग असलेले त्रिकोण पक्ष्यांच्या तावडीतून अधिक वाचले. रंग तेच असूनही केवळ डागाची जागा बदलल्याने हा फरक पडला. हातात ब्रश घेणाऱ्याने मनावर कोरावी अशी ही गोष्ट आहे, कारण नवशिका माणूस नेमके उलटे करतो. छातीच्या मध्यावर मोठी झोकदार पाने काढतो आणि बाह्यांच्या कडा काळ्याच ठेवतो.

मीही तेच केले. भाच्याने पाठवलेल्या फोटोत सिडनीच्या खडकांवर तपकिरी-सोनेरी केल्पचे, म्हणजे लांब पानांच्या समुद्री शेवाळाचे, रान दिसत होते, आणि चित्रकाराची खोड म्हणून मी त्या केल्पची पानेच्या पाने सूटच्या पुढच्या भागावर शिरांसकट रंगवली. कौतुक झाले. मग सूट गच्चीच्या कठड्यावर टाकून खाली रस्त्यापलीकडे जाऊन पाहिला, तेव्हा पाने कुठेच नव्हती. सगळा तपशील एकमेकांत विरघळून एकसारखी मातकट छटा झाली होती आणि तिच्याभोवती माणसाची आकृती स्वच्छ उभी होती. "मामा, हा तर चिखलात पडलेला माणूस दिसतोय," भाचा म्हणाला, आणि त्यावर काही बोलण्यासारखे नव्हते. बारीक नक्षी अंतरावर मिसळून जाते, हे मी वर्गात कित्येक वर्षे सांगत आलो होतो. शिवाय माशांच्या डोळ्यांना बारीक तपशील साधारणपणे माणसापेक्षा कमी दिसतो आणि पाण्यातले गढूळपण त्यात भर घालते. त्यामुळे पाण्याखालचे डाग तळहाताएवढे नव्हे, तर त्याच्या दुपटी-तिपटीएवढे हवेत.

पाण्यात आणखी एक गोष्ट रंगवणाऱ्याला फसवते. पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते, म्हणून वर दुकानात लालसर दिसणारा तपकिरी रंग काही मीटर खाली गेल्यावर आपला लालपणा गमावून करडा-काळसर होतो, आणि त्याहून खाली नारिंगीही फिकी पडते. मग कोणता रंग निवडावा, याहून तो किती उजळ आणि किती गडद, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. रविवार कारंजाजवळच्या एका स्टेशनरीच्या दुकानातून आम्ही निळसर-हिरवा जिलेटिन कागद आणला आणि त्याची दुहेरी घडी डोळ्यांपुढे धरून रंगाचे नमुने तपासले. ज्या दोन तपकिरी छटा उघड्या डोळ्यांना वेगळ्या वाटत होत्या, त्या कागदातून जवळपास एक झाल्या, आणि एक बाद करावी लागली. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढूनही हेच कळते. शेवटी तीन छटा राहिल्या : गडद ऑलिव्ह, मध्यम खाकी आणि वाळूसारखी फिकी.

इथे दोन्ही रीतींचा क्रम लागतो, आणि तो उलटा करून चालत नाही. छटा कोणत्या घ्यायच्या, हे मिसळण्याच्या तत्त्वावर ठरवायचे, म्हणजे तळावर ज्या छटा खरोखर आहेत त्याच अंगावर घ्यायच्या. त्या छटा कुठे आणि कशा पसरवायच्या, हे मात्र मोडण्याच्या तत्त्वावर. तळावर नसलेल्या छटांनी आकार मोडायला गेले, तर आकार मोडतो खरा, पण प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे चमकतो. पहिल्या महायुद्धात 1917 पासून ब्रिटिश जहाजांवर नॉर्मन विल्किन्सन यांच्या कल्पनेतून काढलेले ठसठशीत काळे-पांढरे पट्टे हा तिसराच प्रकार आहे. त्यांचा हेतू जहाज लपवण्याचा नव्हताच. त्याची दिशा आणि वेग यांबद्दल शत्रूची गफलत व्हावी, इतकाच तो होता. काही सूटवर तसे झेब्रापट्टे दिसतात, आणि ते सुंदर असले तरी तळाशी लपण्याच्या कामाचे नाहीत, असे माझे मत आहे.

शिकारीच्या पद्धतीनेही तोल बदलतो. इटालियन पाणशिकारी 'आस्पेत्तो' आणि 'आग्वातो' अशा दोन पद्धती मानतात. पहिलीत तळाशी पडून राहून मासा कुतूहलाने जवळ येण्याची वाट पाहायची असते, तर दुसरीत खडकांच्या आडोशाने हळूहळू सरकत जायचे असते. पडून राहणाऱ्याची पार्श्वभूमी एकच असते, म्हणून त्याला मिसळणे चांगले साथ देते. सरकणाऱ्याच्या मागे कधी केल्प, कधी वाळू, तर कधी नुसते निळे पाणी येते, म्हणून त्याने मोडण्यावर अधिक भर द्यावा. हालचाल झाली की दोन्ही रीती बऱ्याच अंशी हरतात. आणि माशाने खालून पाहिले, तर पृष्ठभागावरच्या उजेडापुढे माणूस केवळ काळी सावली असतो. तिथे कोणताही रंग उपयोगाचा नाही.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. सूटचा बाहेरचा भाग नायलॉनचा असेल, तर कापडावर चालणारा अ‍ॅक्रिलिक रंग त्यावर धरतो. गुळगुळीत उघड्या रबरावर तो पोपडे होऊन निघतो, म्हणून हाताच्या बोटाने आधी पृष्ठभाग तपासावा. पहिली बाही मी टेबलावर सपाट पसरून रंगवली. रंग वाळला, भाच्याने हात घातला, आणि कोपरापाशी उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या गाळासारख्या भेगा पडल्या. नीओप्रीन, म्हणजे सूटचे स्पंजासारखे रबर, ताणले जाते, रंग तितका ताणला जात नाही. पुढे आम्ही सूटमध्ये जुन्या चादरी आणि वर्तमानपत्रांचे बोळे ठासून भरले आणि अंगावर चढल्यावर जेवढा ताण येतो तेवढ्या ताणातच रंगवले. शेजारच्या गच्चीवरून पाहणाऱ्यांना ते बिनडोक्याचे बुजगावणे कसे वाटले असेल, याची कल्पना आहे.

रंगाचा थर पातळ ठेवला. ब्रशऐवजी वाळलेल्या घोसाळ्याची जाळी वापरली, कारण तिच्या वेड्यावाकड्या धाग्यांमुळे डागाची कड कुठे तीक्ष्ण, कुठे विरळ उमटते आणि दोन ठसे सारखे येत नाहीत. हा पोत म्हणजे मिसळण्याचे काम. मोडण्याचे काम मात्र खडूने आधीच आखून घेतले होते. एक फिका डाग डाव्या खांद्यावरून छातीत उतरून काखेखालून थेट बाहीवर जातो, त्यामुळे बाही आणि धड यांच्यामधली रेघच हरवते. दुसरा गडद डाग कमरेवरून एका मांडीपर्यंत जातो, दुसऱ्या मांडीला शिवतही नाही. डोके, मान आणि खांदे यांची रेषा ही माणसाची सर्वांत ओळखीची खूण, म्हणून टोपीवर तिरका फिका पट्टा ओढून तो एकाच खांद्यावर सांडू दिला. उजवी-डावी बाजू सारखी होऊ नये, यासाठी मला हाताला सतत आवरावे लागले. रांगोळी आणि तोरणे पाहून घडलेला हात आपोआप दोन्हीकडे सारखेपणा शोधतो.

कापडाच्या रंगांवर वाळल्यानंतर उलट बाजूने इस्त्री फिरवण्याची सूचना असते. ती इथे पाळू नये, कारण गरम इस्त्री नीओप्रीनचे नुकसान करते. आम्ही सूट सावलीत आठवडाभर टांगून ठेवला आणि मग साध्या पाण्याने धुतला. थोडा रंग गेला, आणि गेला ते बरेच झाले, कारण डागांचा नवेपणा कमी झाला.

पुन्हा गच्चीचा कठडा, पुन्हा रस्त्यापलीकडून पाहणे. यावेळी मागे शेवाळलेली भिंत आणि कुंड्या होत्या. खांदा कुठे संपतो आणि कुंडी कुठे सुरू होते, हे शोधायला मला एक क्षण लागला.

उरलेला ऑलिव्ह रंग वाया जाऊ नये म्हणून भाच्याने दोरीला बांधून सोबत ओढायचा तरंगता फुगा आणि त्यावरचा निळा-पांढरा झेंडाही रंगवायला काढला. तो मी त्याच्या हातून घेतला. माशापासून लपलेला माणूस वरून जाणाऱ्या मोटरबोटीपासूनही लपतो, आणि बोटवाल्याला खाली कोणी आहे हे सांगणारी ती एकच गोष्ट असते. फुगा नारिंगीच राहिला आणि रंगाची बाटली झाकण घट्ट लावून माझ्या कपाटात गेली.