जुन्या फर्निचरचा सजावटीसाठी पुनर्वापर (नाशिक)

मोडकळीला आलेले किंवा अडगळीत पडलेले घरगुती फर्निचर भंगारात न देता, त्याचे मूळ लाकूड-लोखंड राखून थोडक्या खर्चात त्याला नवा उपयोग आणि देखणेपण देण्याची रीत. हिला अपसायकलिंग असेही म्हणतात. रिसायकलिंगमध्ये वस्तू फोडून पुष्कळदा हलक्या प्रतीचा माल तयार होतो. वस्तूचे मोल उलट वाढले पाहिजे, अशी मांडणी जर्मन अभियंते रायनर पिल्झ यांनी १९९४ मध्ये केली.

नाशिकमध्ये या कामाला मोठा आधार आहे तो वाड्यांच्या सागाचा. पंचवटी, सराफ बाजार, भद्रकाली या जुन्या भागांत लाकडी सांगाड्याचे वाडे होते. पेशवेकालीन सरकारवाडा त्यांतला ठळक नमुना. दर पावसाळ्यात एखादा वाडा ढासळतो, काही वाडे नव्या इमारतींसाठी पाडले जातात, आणि तुळया, खांब, कडीपाटाच्या (लाकडी छताच्या) फळ्या, नक्षीच्या चौकटी बाहेर पडतात. घरात पिढ्यानपिढ्या असलेले पलंग, फडताळे, चौरंग, झोपाळेही याच लाकडाचे. सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे पक्क्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. शिवाय कित्येक दशके सुकलेले लाकूड आता वाकण्या-पिळण्याची भीती कमी. या प्रतीचा साग आज विकत घेणे मध्यमवर्गीय घराला झेपत नाही. म्हणून जुन्या सागावर ऑइलपेंट चढवणे हा त्या लाकडावर अन्यायच आहे. रंगवायचे असेल तर प्लायवूड किंवा साधे जंगली लाकूड रंगवावे. सागाच्या रेषा दिसू द्याव्यात.

वस्तू निवडताना आधी सांगाडा पाहतात. टेबल हलवल्यावर डुगडुगत असेल तर सांधा सुटलेला असतो, आणि तो जुना डिंक खरवडून फेविकॉलने पुन्हा बसवता येतो. खालच्या जमिनीवर पिठासारखा बारीक भुसा पडत असेल तर आत कीड आहे. भोकांत कीडनाशक सोडून वस्तू काही आठवडे वेगळी ठेवावी आणि भुसा पूर्ण थांबल्यावरच हात घालावा. पार्टिकल बोर्डचे (दाबलेल्या भुशाच्या फळ्यांचे) कपाट एकदा पाण्याने फुगले की त्यात स्क्रू धरत नाही. त्यावर पैसे घालू नयेत.

खरी मेहनत घासण्यात आहे. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने जुना थर काढायचा, मग १२० आणि शेवटी २२०. घासायचे ते नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने, आडवे घासले तर ओरखडे पॉलिशखाली कायमचे दिसतात. चिरा आणि खिळ्यांची भोके लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवतात. त्याच लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवला तर रंग बराचसा जुळतो. त्यानंतर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवून विरघळवलेला चपडा, म्हणजे लाख, कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने पातळ थरांत चढवतात. पहिल्या दोन-तीन हातांत काहीच झाले नाही असे वाटते; नंतर सागाचा मधासारखा रंग वर येऊ लागतो. हे काम पावसाळ्यात करू नये, हवेतल्या दमटपणाने पॉलिशवर पांढरट झाक येते. नाशिकला दसऱ्यानंतरची कोरडी हवा त्यासाठी उत्तम, आणि दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या वस्तू तशाही खाली आलेल्या असतात.

वाड्यातले भले मोठे पलंग सिडकोच्या लहान घरांत मावत नाहीत. अशा पलंगाची उशाकडची नक्षीदार फळी पाठ म्हणून घेऊन आणि पायथ्याकडच्या फळीचे हात करून दोन माणसांचा बाक होतो. पायाने चालवायच्या शिलाई मशीनचे बिडाचे स्टँड गंज काढून रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंजरोधक रंगाचा, हात देऊन काळे रंगवले, वर कडाप्प्याची फरशी ठेवली, की बैठकीच्या खोलीतले टेबल तयार. पायटा, म्हणजे पायाने हलवायची जाळी, काढू नये, सौंदर्य त्यातच आहे. गोदरेजने पोलादी कपाटे १९२३ मध्ये सुरू केली; तशा जुन्या कपाटाचा पत्रा आजही दणकट असतो, त्याला फक्त नव्या रंगाची गरज असते. येवला याच जिल्ह्यातले असल्याने जीर्ण पैठण्या घरोघरी निघतात. विरलेल्या पैठणीचा पदर खिडकीच्या जुन्या चौकटीत काचेखाली बसवला तर भिंतीला वेगळे काही लागत नाही.

घराबाहेरचा मालही स्थानिक आहे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींतून पाइनवुडची पॅलेट, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटी, मिळतात. परदेशी मालाबरोबर आलेल्या पॅलेटवर शिक्का असतो: ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापवलेले, ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. घरात फक्त पहिलेच आणावे. वाइनरीतली ओकची पिंपे, साधारण २२५ लिटरची, काही हंगामांनंतर वाइनला लाकडाची चव देईनाशी होतात आणि बाहेर पडतात. त्यांची टेबले, कुंड्या होतात; मात्र पीप रिकामे राहिले की लाकूड आकसून पट्ट्या सैल होतात, म्हणून प्रत्येक लोखंडी पट्टी आधी स्क्रूने फळ्यांना जखडून घ्यावी लागते.

खर्चाचा मोठा वाटा मजुरीचा. घासणे आणि रंगवणे घरच्यांनी करावे, सांधे मिस्त्रीकडे द्यावेत. खुर्चीचे वेताचे विणकाम तर जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे; ताण चुकला की बैठक महिन्याभरात खोल जाते.

एक दक्षता अत्यंत महत्त्वाची. घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नसावे हा नियम भारतात २०१६ मध्ये अधिसूचित झाला आणि २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या वस्तूंच्या रंगात शिसे असू शकते. असा रंग कोरडा घासू नये. पाणी मारून ओला घासावा, मास्क लावावा, खाली पसरलेल्या प्लास्टिकवरचा चोथा गुंडाळून वेगळा टाकावा आणि काम चालू असताना लहान मुले व गरोदर बायकांना तिथे येऊ देऊ नये. जुना पाळणा नव्या बाळासाठी काढला असेल, तर त्याचा रंग आधी तपासून घ्यावा, नाहीतर तो सजावटीपुरताच ठेवावा.