'एकालाही त्रास झाला नाही' म्हणजे नेमकं किती?

गुळवेलीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आमचे वैद्य तीस वर्षं गुळवेल देताहेत, आजवर एकालाही त्रास झालेला नाही." तेच तुम्ही यकृताच्या डॉक्टरांना विचारलंत तर ते म्हणतील, "गुळवेलीचा काढा पिऊन कावीळ झालेले पेशंट मी स्वतः ॲडमिट केलेत." मग घरात दोन तट पडतात आणि वाद बघता बघता आयुर्वेद विरुद्ध ॲलोपॅथी या जुन्या आखाड्यात जाऊन पडतो. तिथे गेल्यावर गुळवेल बाजूलाच राहते.

माझ्या मते दोघेही खरं बोलत असतात. चौथी-पाचवीतला अपूर्णांक आठवा. इथे अंश म्हणजे त्रास झालेले आणि छेद म्हणजे गुळवेल घेतलेले सगळे. वैद्यांना छेद दिसतो, अंश दिसत नाही. यकृततज्ज्ञांना अंश दिसतो, छेद दिसत नाही. धोका किती हे ठरवायला तर दोन्ही लागतात.

आधी घडलं काय ते थोडक्यात. कोविडच्या पहिल्या वर्षी गुळवेल घराघरांत पोचली. कुणी कुंपणावरची वेल तोडून काढा केला, कुणी गोळ्या आणल्या. ऑक्टोबर २०२०मध्ये आयुष मंत्रालयाने कोविडसाठी जी उपचारपद्धती जाहीर केली तिच्यात गुडूची घनवटी, म्हणजे गुळवेलीच्या अर्काची गोळी, होती. त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे सहा रुग्ण आले. कावीळ किंवा बिघडलेलं यकृत, आणि प्रत्येकाच्या इतिहासात गुळवेल. २०२१मध्ये त्यांनी ही प्रकरणं शोधनिबंधात मांडली. आयुष मंत्रालयाने लगेच हरकत घेतली: वनस्पतीची ओळख पटवलेली नाही, तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा असू शकते, आणि गुडूची सुरक्षित आहे. २०२२मध्ये देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास छापला. पहिल्या मात्रेपासून लक्षणं दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवस होता. अनेकांना आधीपासूनच यकृताचा जुना आजार होता. त्यानंतरही मंत्रालयाची भूमिका तीच राहिली.

यात मुंबईचाच एक गमतीशीर धागा आहे. गुळवेल हा काही प्रयोगशाळेने दुर्लक्षिलेला विषय नव्हे. परळच्या केईएममध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर अनेक वर्षं काम केलं. १९९३मध्ये तिथूनच एक चाचणी प्रसिद्ध झाली होती. पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या ३० रुग्णांपैकी ज्यांना शस्त्रक्रियेच्या काळात गुळवेल दिली ते जास्त प्रमाणात बचावले. म्हणजे जिच्यावर आज यकृत बिघडवल्याचा आरोप आहे, ती वेल याच शहरात काविळीच्या रुग्णांना मदत म्हणून तपासली गेली होती. आणि १९९९मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी गुळवेलीतून एक पॉलिसॅकराइड (साखरेच्या रेणूंची लांब साखळी) वेगळं काढून ते रोगप्रतिकारक पेशींना चेतवतं हे दाखवलं. याकडे पुढे येऊ.

आता माझ्या आवडत्या गोष्टीकडे. 'एकालाही नाही' या शून्यात माहिती किती असते?

समजा, गुळवेलीने हजारात एकाच्या यकृताला इजा होते. (हा आकडा फक्त उदाहरणासाठी आहे, खरा दर कुणी मोजलेला नाही.) एका वैद्यांनी ती २०० जणांना दिली. एखाद्याला त्रास न होण्याची शक्यता ०.९९९. दोनशेच्या दोनशे जणांना न होण्याची शक्यता म्हणजे ०.९९९ला स्वतःनेच २०० वेळा गुणायचं. उत्तर येतं ०.८२. म्हणजे औषध खरोखर हजारात एकाला बाधणारं असूनही असे १०० वैद्य घेतले तर त्यांतले ८२ जण प्रामाणिकपणे सांगतील, 'एकालाही त्रास नाही'. ५०० रुग्ण पाहिले तरी ६१ जण हेच म्हणतील. हजार पाहिले तरी ३७. हजारात एकाचा धोका आहे आणि हजार रुग्ण पाहून झालेत, तरी तीनात एकाहून जास्त वैद्यांच्या वाट्याला शून्यच येतं! हे पहिल्यांदा कागदावर मांडलं की बहुतेकांना पटत नाही. कॅल्क्युलेटर काढून बघा.

मग शून्यावर भरवसा कधी ठेवायचा? उलटं गणित करू. 'धोका इतका असता तर मला शून्य दिसण्याची शक्यता जेमतेम ५ टक्के होती' असं म्हणता आलं पाहिजे. धोका 'प' आणि रुग्ण 'न' धरा. (१ − प) चा न-वा घात = ०.०५. दोन्ही बाजूंचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या. 'प' लहान असला की (१ − प) चा लॉग जवळजवळ −प असतो, आणि ०.०५चा लॉग असतो −२.९९६, म्हणजे −३च धरा. उरतं काय, तर न × प = ३. इतकंच! शून्य प्रकरणं दिसली तर खरा धोका जास्तीत जास्त ३ भागिले रुग्णसंख्या इतका असू शकतो, ९५ टक्के खात्रीने. संख्याशास्त्रात याला तीनचा नियम म्हणतात. जेम्स हॅनली आणि ॲबी लिपमन-हँड यांनी १९८३मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात तो डॉक्टरांसाठी सोपा करून सांगितला. लॉगॅरिदमचा भाग डोक्यावरून गेला असेल तर सोडून द्या, 'तीन भागिले रुग्ण' एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

हा नियम हातात घेऊन गुळवेलीच्या चाचण्या वाचू. २००५मध्ये नागपूरच्या संशोधकांनी ॲलर्जिक सर्दीच्या ७५ रुग्णांवर आठ आठवडे एक चाचणी केली. काहींना गुळवेल, काहींना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. लक्षणं कमी झाली आणि औषध नीट सोसलं, असा निष्कर्ष होता. चांगली चाचणी. पण गुळवेल मिळालेले साधारण अर्धे, म्हणजे ३७-३८. तीन भागिले ३७ म्हणजे ८ टक्के. यकृताला इजेचं एकही प्रकरण तिथे दिसलं नाही असं धरलं, तरी शंभरात आठांपेक्षा जास्त जणांना ती होत नाही एवढंच त्यातून सिद्ध होतं. गुळवेल बाधते असा याचा अर्थ मुळीच नाही. लहान चाचणी या प्रश्नावर जवळपास मुकी असते, इतकंच.

आणि ही मर्यादा फक्त आयुर्वेदाची नाही. मधुमेहावरचं ट्रोग्लिटाझोन हे औषध अमेरिकेत १९९७मध्ये बाजारात आलं. आधीच्या चाचण्यांत सुमारे अडीच हजार लोकांनी ते घेतलं होतं आणि त्यांत यकृत निकामी झाल्याचं एकही प्रकरण नव्हतं. लाखोंनी घ्यायला सुरुवात केल्यावर यकृत निकामी होऊन मृत्यू दिसू लागले. मार्च २०००मध्ये औषध मागे घ्यावं लागलं. अडीच हजारांतल्या शून्याने हजारात एकापेक्षा किंचित जास्त धोका नाकारला होता, त्याखालचा नाही.

आता वैद्यांच्या अंशातली खरी गळती. वर आपण असं धरलं की त्रास झालेला प्रत्येक जण वैद्यांना दिसतो. प्रत्यक्षात डोळे पिवळे झाले की माणूस वैद्यांकडे परत जात नाही, हॉस्पिटलात जातो. तिथे त्याला 'काय काय घेत होतात?' असं विचारल्यावर तो बीपीची गोळी सांगतो. काढा सांगत नाही, कारण काढा त्याच्या लेखी औषधच नसतो. शिवाय यकृताची सौम्य इजा बाहेरून दिसतच नाही, तिला एसजीपीटीची, म्हणजे रक्तातल्या यकृताच्या एन्झाइमची, तपासणी लागते, आणि गुळवेल सुरू करताना ती कोण करतं? दहा प्रकरणांपैकी एकच वैद्यांपर्यंत पोचत असेल तर तीनच्या नियमातला हिशेब दहापट होतो. हजारात एक हा धोका नाकारायला ३ हजार रुग्ण पुरत नाहीत, ३० हजार लागतात. तीस वर्षांच्या अनुभवाचा मला आदर आहे. कुणाला काय लागू पडतं, कुठली मात्रा कुणाला सोसते याबद्दल मी तो ऐकेन. दुर्मीळ इजेच्या बाबतीत मात्र कितीही अनुभवी माणसाचा अनुभव अपुराच पडतो, त्यात त्याचा दोष नाही.

तेच माप दुसऱ्या तज्ज्ञांनाही लावू. गुळवेल घेतली आणि कावीळ झाली, यात गुळवेलीमुळे झाली हे कशावरून? आपल्याकडे हिपॅटायटिस ए आणि ई पाण्यातून होतात, वर दारू, पित्ताचे खडे, इतर औषधं. म्हणून यकृततज्ज्ञ रुकॅम नावाची गुणपद्धती वापरतात, १९९३पासून. औषध सुरू झाल्यापासून किती दिवसांनी त्रास, बंद केल्यावर एन्झाइम्स किती वेगाने उतरले, विषाणू तपासून वगळले का, पुन्हा घेतल्यावर पुन्हा वाढले का, या प्रत्येकाला गुण. बेरीज ६ ते ८ आली तर 'संभाव्य', ९ किंवा जास्त आली तर 'जवळजवळ निश्चित'. त्या ४३ पैकी बहुतेक प्रकरणं 'संभाव्य' ठरली. बातम्यांत मात्र याचं 'गुळवेलीमुळे लिव्हर खराब' झालं.

आणि देशभराचा छेद? तो कुणाकडेच नाही. समजा त्या काळात एक कोटी लोकांनी गुळवेल घेतली, आणि नोंदलेल्या प्रत्येक प्रकरणामागे शंभर न नोंदलेली होती. तरी ४,३०० होतात, म्हणजे दहा हजारांत चार. बहुतेकांना काहीच होत नाही हे वैद्यांचं निरीक्षण या आकड्यातही टिकतं.

पण मग त्या थोड्यांनाच का? इथे भाभा केंद्रातलं ते पॉलिसॅकराइड आठवा. यकृत हा मुळात सहनशील अवयव आहे. त्याच्याकडे येणारं बहुतेक रक्त आतड्यांतून येतं, अन्नातले आणि जिवाणूंचे परके अंश घेऊन. प्रत्येकावर चिडत बसलं तर ते जळून जाईल. ज्यांची ही सहनशीलता आधीच काठावर आहे, म्हणजे ज्यांना लपलेला ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणारा) आजार आहे, त्यांना प्रतिकारशक्तीला आणखी डिवचणारं काही दिलं तर तोल जाऊ शकतो. मुंबईच्या रुग्णांतलं चित्र ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखंच होतं. ही यंत्रणा पटण्यासारखी आहे, अजून सिद्ध नाही. 'इम्युनिटी बूस्टर' या जाहिराती शब्दाची पंचाईत अशी की प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी बरी हेच त्यात गृहीत धरलेलं असतं. संधिवात किंवा थायरॉइडच्या ऑटोइम्यून आजाराच्या रुग्णाला विचारा.

क्रिस्पाचा मुद्दा मात्र मी टाकून देणार नाही. ती गुळवेलीचीच बहीण, खोडावर गाठी-गाठी असलेली, आणि तिच्यामुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणं आधीपासून नोंदलेली आहेत. अदलाबदल होऊ शकते. पण ग्राहकाच्या दृष्टीने या बचावाचा उपयोग काय? बाजारातून आणलेल्या वाळक्या कांड्या किंवा डब्यातली पूड नेमकी कुठल्या वेलीची हे तुम्हाला-मला ओळखता येणार नसेल, तर 'खरी असेल तर सुरक्षित' या सल्ल्याने कुणाचं यकृत वाचणार नाही. आणि आपल्या नियमांप्रमाणे ग्रंथोक्त आयुर्वेदिक औषधाला परवाना घेताना नव्याने सुरक्षिततेची चाचणी द्यावी लागत नाही.

अंश-छेदाचा हाच घोळ उलट्या दिशेने पाहायचा असेल तर गावोगावचे कावीळ उतरवणारे बघा. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं, गळ्यातली माळ दिवसागणिक लांबत जाते. पाण्याचा रंग आधीच हाताला चोळलेल्या सालीच्या रसाचा. माळ लांबते ती ओल्या काड्या वाळून बारीक झाल्यामुळे. हिपॅटायटिस ए बहुतेकांत आपोआप बरा होतो, त्याचं श्रेय माळेला जातं. जे बिघडतात ते हॉस्पिटलात जातात आणि माळ घालणाऱ्याचा शंभर टक्के यशाचा दर अबाधित राहतो.

मग घ्यायची की नाही? धोका दुर्मीळ असला तरी तो कशाच्या बदल्यात पत्करायचा हे पाहावं लागतं. धडधाकट माणसाने 'असू दे, प्रतिकारशक्तीसाठी' म्हणून रोज काढा प्यावा, त्याने कोविड टळेल, याला मला पटेल असा पुरावा दिसलेला नाही. फायदा असा धूसर असताना दहा हजारांतले चारही मला जास्त वाटतात. आधीच यकृताचा किंवा ऑटोइम्यून आजार असलेल्यांनी तर लांबच राहावं. वैद्यांनी एखाद्या ठरावीक तक्रारीसाठी ठरावीक दिवस दिली असेल तर ती वेगळी गोष्ट. तिथे सुरुवातीला आणि दीड महिन्याने एसजीपीटी करा, आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर काढ्याचं नाव घ्या. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय यंत्रणा आहे, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेकडे तिचा समन्वय आहे. त्रास झाला तर तिथे कळवता येतं.

हा वाद मिटवायला लागणारा अभ्यास फार खर्चिकही नाही. ओळख पटवलेली एकाच खेपेची गुळवेल, ती नव्याने सुरू करणारे ३ हजार लोक, प्रत्येकाची दोनदा एसजीपीटी. तपासणीला दोनशे रुपये धरले तरी ६ हजार तपासण्यांचे बारा लाख. औषध आणि माणसांचा पगार वेगळा. प्रत्येकाच्या रक्ताचा एक नमुनाही जपून ठेवावा, कारण हळदीच्या अर्कामुळे यकृताला इजा झालेल्या अमेरिकेतल्या दहा रुग्णांपैकी सात जणांत एचएलए-बी ३५:०१ हा एकच जनुकप्रकार सापडला होता. गुळवेलीतही तसंच काही निघालं, तर ती कुणी टाळावी हे आधीच सांगता येईल.