रिकामा डबा झाकण लावून ठेवू नये

घासून, पुसून, झाकण लावून फडताळात ठेवलेला प्लॅस्टिकचा डबा चार दिवसांनी उघडावा, तर आतून लसणाच्या चटणीचा वास येतो. डबा नीट घासला गेला नाही, असं वाटतं. पण घासण्यात बहुधा काहीच चुकलेलं नसतं. तो वास पृष्ठभागावर नसतोच, तो प्लॅस्टिकच्या अंगात मुरलेला असतो.

स्वयंपाकघरातले बरेचसे डबे पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे पीपीचे असतात आणि मऊ झाकणं पॉलिथिलीनची. दोन्ही पदार्थ कार्बन आणि हायड्रोजनच्या लांबच लांब साखळ्यांचे बनलेले. मेणही अशाच साखळ्यांचं, फक्त त्या आखूड. म्हणून प्लॅस्टिकचं तेलाशी जमतं आणि पाण्याशी जमत नाही. या साखळ्या काही ठिकाणी शिस्तीत रचलेल्या असतात, तर काही ठिकाणी सुतासारख्या गुंतलेल्या. गुंतलेला भाग घरातल्या तापमानाला सतत थोडाथोडा हलत असतो. हिंग, लसूण, मसाले यांचे वासाचे रेणू लहान आणि तेलात विरघळणारे. ते या गुंत्यातून आत शिरतात आणि तितक्याच सावकाश बाहेर येतात.

झाकण घट्ट असेल तर बाहेर आलेला वास डब्यातल्या हवेतच साठतो. हवा वासाने भरली की प्लॅस्टिकमधून आणखी वास बाहेर पडणं थांबतं. उघड्या डब्यातला वास वारा घेऊन जातो आणि दोन-चार दिवसांत फरक कळतो. खाण्याचा सोडा पृष्ठभागावरचा आंबूसपणा आणि ओशटपणा घालवतो, आत मुरलेल्या हिंगापर्यंत तो पोहोचत नाही. तिथे वेळ आणि मोकळी हवाच लागते. हेच उलट दिशेनेही घडतं: सिंकखालच्या कपाटात डबे ठेवले आणि शेजारी फिनेल किंवा डांबरगोळ्या असल्या, तर त्यांची वाफही डबे शोषून घेतात. ती जागा डब्यांची नाहीच.

दुसरं कारण ओलाव्याचं. स्टीलच्या ताटावर पाणी पातळ पसरतं, शिवाय धातू उष्णता चटकन पुरवतो, म्हणून ते लवकर वाळतं. प्लॅस्टिकवर पाण्याचे मणी होतात आणि ते कोपऱ्यांत तासन्‌तास तसेच राहतात. डबा ओट्यावर सपाट पालथा घातला तर आतली दमट हवा कोंडते. जाळीवर किंवा कडेला टेकवून तिरका ठेवावा आणि रात्रभर निथळू द्यावा. पावसाळ्यात कोकणात एवढ्यानेही भागत नाही, कोरड्या फडक्याने कोपरे पुसावेच लागतात. झाकणात सिलिकॉनचं रबर असेल तर आठवड्यातून एकदा चमच्याच्या दांड्याने उचकटून काढावं. काळी बुरशी त्याच्या खालच्या खाचेत धरते, वरून काहीच दिसत नाही.

हळदीचा डागही याच स्वभावातून येतो. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. गरम रस्सा डब्यात ओतला की तवंगाबरोबर ते प्लॅस्टिकमध्ये शिरतं, आणि रस्सा जितका गरम तितकं खोल जातं. म्हणून भाजी कोमट झाल्यावर डब्यात काढली तर अर्धं काम होतं. घासताना आधी चमचाभर बेसन किंवा कोंडा कोरडाच चोळून तेल टिपून घ्यावं, मग साबण आणि सोसेल इतकं गरम पाणी. आधीच पाणी घातलं तर तेल डबाभर पसरतं. उरलेला पिवळेपणा उन्हाने जातो, कारण प्रकाशात कर्क्युमिनचा रेणू तुटतो: दोन-तीन दिवस, रोज तीन-चार तास, डब्याचं तोंड उन्हाकडे. साबण लागताच डाग लालसर झाला तर घाबरू नये. साबणासारख्या अल्कलीत, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थात, कर्क्युमिन लाल होतं, खळबळून धुतलं की परत पिवळं. मात्र डबे कायमचे खिडकीत ठेवू नयेत, कारण तेच ऊन पीपीच्या साखळ्याही तोडतं आणि डबा ठिसूळ होतो. तारेची घासणी तर प्लॅस्टिकला लावूच नये. प्रत्येक ओरखडा तेलाला नवी जागा देतो.

डबा कशाचा आहे हे तळाच्या त्रिकोणातल्या आकड्यावरून कळतं: १ म्हणजे पेट (पाण्याच्या बाटल्यांचं प्लॅस्टिक), २ आणि ४ पॉलिथिलीन, ५ पीपी, ६ पॉलिस्टायरीन (थर्माकोल ज्याचा बनतो ते), ७ म्हणजे इतर. ही पद्धत अमेरिकेत १९८८ साली कचरा वेगळा करण्यासाठी निघाली. अन्नासाठी योग्य असल्याची खूण वेगळी असते: पेला आणि काटा. आकडा पुसला गेला असेल तर पाण्याची परीक्षा घ्यावी. बादलीत साबणाचा एक थेंब टाकून डबा आडवा करून पूर्ण बुडवायचा, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही आणि मग सोडायचा. पाण्याची घनता १ धरली तर पीपीची सुमारे ०.९, पॉलिथिलीनचीही १ च्या आत, म्हणून ते वर येतात. पेट (सुमारे १.३८) आणि पॉलिस्टायरीन (सुमारे १.०५) तळाला जातात. हॉटेलच्या काही पार्सल डब्यांच्या पीपीत खनिजाची भुकटी मिसळलेली असते, ते बुडू शकतात. त्यामुळे बुडालेल्या डब्याबद्दल संशयच धरावा आणि त्यात गरम काही घालू नये. पेट साधारण ७० अंश सेल्सिअसला मऊ पडतं. बिस्किटांची बरणी उकळत्या पाण्याने धुतली की आक्रसते, ती म्हणूनच.

पीपी साधारण १६० अंशांच्या पुढे वितळतं, तरी त्याला निर्धास्तपणे मायक्रोवेव्हमध्ये घालू नये. पाणी शंभर अंशांना थांबतं, तेलाचा तवंग त्याच्या पुढे जातो. टोमॅटोच्या रश्श्याच्या कडेने डब्यावर खरखरीत पांढरट वर्तुळ उठतं, तिथे प्लॅस्टिक खरोखर भाजलेलं असतं. असा डबा अन्नासाठी पुन्हा वापरू नये.

गरम आमटीवर लगेच झाकण लावण्याचा त्रास आणखी निराळा. ८० अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब वातावरणाच्या जवळपास निम्मा असतो. झाकणाखालची जागा वाफेने भरलेली असताना डबा बंद केला आणि तो थंड झाला, की वाफेचं पाणी होतं आणि आतला दाब निम्म्यापर्यंत उतरू शकतो. बाहेरची हवा झाकण आत दाबते. झाकण रुतून बसतं आणि असं वारंवार झालं की मधोमध खोलगट होतं. प्लॅस्टिक तापल्यावर फुगतंही स्टीलच्या कितीतरी पट: वीस सेंटिमीटरचं झाकण पन्नास अंशांनी तापलं तर एखाद मिलिमीटर मोठं होतं, आणि तेवढा फरक ते न बसायला पुरतो. गरम पाण्यातून काढलेलं झाकण बसेना म्हणून ठोकू नये, निवू द्यावं. वाकडं झालेलं पीपीचं झाकण मिनिटभर खूप गरम पाण्यात धरून, गरम असतानाच डब्यावर बसवून, वर वजन ठेवून निववलं तर बरंच सरळ होतं.

आता मांडणी. सगळे डबे बाहेर काढून झाकणांशी जोड्या लावाव्यात. ज्यांची झाकणं हरवली ते ड्रॉवरमध्ये चमचे-सुऱ्यांसाठी कप्पे म्हणून ठेवावेत. श्रीखंडाचे नि आइस्क्रीमचे डबे पातळ आणि एकदाच वापरायचे म्हणून केलेले असतात, त्यांत कोरडी डाळ चालेल, गरम भाजी नको. पुढची खरेदी चौकोनी डब्यांची करावी. चौकोनी जागेत गोल डबा जेमतेम ७८.५ टक्के जागा वापरतो, उरलेली कोपऱ्यांत वाया जाते. पातळ रस्सा न्यायला मात्र गोलच बरा. त्याच्या झाकणाचा दाब सगळ्या कडेवर सारखा पडतो, चौकोनी झाकण बहुधा कोपऱ्यात गळतं.

तळाकडे निमुळते डबे एकात एक बसवावेत, चार-पाचांच्या वर नकोत, आणि पूर्ण वाळल्यावरच. ओले डबे एकमेकांना चिकटतात. चिकटलेच तर आतल्यात गार पाणी भरून बाहेरचा गरम पाण्यात धरावा: एक आक्रसतो, दुसरा फुगतो, ते सुटतात. झाकणं ताटांसारखी उभी लावावीत. आडव्या ढिगातलं खालचं झाकण महिनोन्‌महिने भार सोसतं आणि प्लॅस्टिक सततच्या भाराखाली हळूहळू आकार सोडतं, उष्णतेत तर लवकरच. म्हणून गॅसच्या वरचं फडताळही डब्यांसाठी नको, तिथे फोडणीचा धूरही त्यांच्यावर बसतो. क्लिपचे डबे रिकामे असताना क्लिपा सोडून ठेवाव्यात, नाहीतर आतलं रबर दबूनच राहतं.

क्लिपचा पातळ सांधा हजारो वेळा दुमडूनही टिकतो, कारण दुमडताना पीपीच्या साखळ्या त्या जागी एका दिशेने ओढल्या जातात. पण शून्य अंशाच्या आसपास पीपीच्या गुंतलेल्या भागाची हालचाल थिजते आणि ते काचेसारखं वागू लागतं. फ्रीझरमधून काढलेल्या डब्याची क्लिप लगेच ओढली की तुटते. पाच मिनिटं बाहेर ठेवून मग उघडावी. मटार गोठवायला पॉलिथिलीनचं मऊ झाकण असलेला डबा निवडावा, कारण पॉलिथिलीन शून्याखाली शंभर अंशांपर्यंतही सहसा ठिसूळ होत नाही.