शिंपली उघडते ती वाफेने नव्हे

पुळणीवर करवंट्यांचा विस्तव करून त्यावर तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, भाजण्याचे व्हिडिओ सध्या मोबाइलवर भरपूर फिरतायत. मालवणचा किनारा असो की गुहागरचा, त्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आत वाफ कोंडते आणि तिच्या दाबाने शिंपली उघडते.’ पाठोपाठ दुसरं: ‘उघडली नाही ती विषारी.’ दोन्ही चूक. खरं कारण इतकं देखणं आहे की ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

ओहोटीला वाळूत दोन्ही कवचं जोडलेली ओली, रिकामी शिंपली मिळते. तिच्या बिजागरीपाशी, बाहेरच्या अंगाला, तपकिरी चिवट पट्टी दिसेल. शिंपली चिमटीत दाबून मिटवा आणि सोडा. ती आपसूक उघडते. आतला प्राणी केव्हाच संपलेला असतो, उघडते ती पट्टी. कपड्यांच्या चिमट्यात स्प्रिंग चिमटा मिटवते. इथे बरोबर उलटं आहे. पट्टी सतत उघडायला बघते आणि मिटून धरायचे कष्ट जिवंत प्राण्याला पडतात. शिंपलीच्या आत दोन बाजूंना दोन गुळगुळीत ठसे असतात ना, तिथे त्याचे मिटणारे स्नायू चिकटलेले असतात.

या स्नायूंची खरी कमाल पुढेच आहे. ओहोटी लागली की तासन्तास मिटून राहायचं, तेही जवळजवळ ऊर्जा न खर्चता. स्नायूचा अर्धपारदर्शक भाग झटकन मिटतो. पांढरा भाग ते मिटणं टिकवून धरतो. मज्जातंतूंतून येणाऱ्या ॲसिटिलकोलीन या रसायनामुळे स्नायूच्या पेशीत कॅल्शियम वाढतं, स्नायू आकसतो. मग कॅल्शियम ओसरतं, तरी ताण कायम राहतो, कारण ट्विचिन नावाचं प्रथिन स्नायूतले तंतू अडकवून धरतं. सेरोटोनिन हे दुसरं रसायन आलं की ट्विचिनला फॉस्फेटचे गट जोडले जातात आणि तंतू मोकळे होतात. शास्त्रज्ञ या अवस्थेला ‘कॅच’ म्हणतात.

विस्तवावर सेरोटोनिनची गरजच उरत नाही. उष्णतेने स्नायूंतल्या प्रथिनांची घडी मोडते, कवचावरची पकड सुटते आणि इतका वेळ ताणलेली पट्टी आपलं काम करते. वाफ असते, फुसफुसतेही. पण बाजारातल्या टोपलीत मेलेली शिंपली आ वासून पडते, तिथे कुठली आली वाफ? म्हणून पारख भाजण्याआधी करायची. उघडी दिसली तर टिचकी मारा. मिटली नाही तर टाकून द्या. कालव ही खडकाला चिकटणारी वेगळी शिंपली; तिला स्नायू एकच, बिजागरीही दुबळी, त्यामुळे ती विस्तवावर जेमतेम फट दाखवते.

भाजूनही मिटलेली राहिली, तर बहुधा स्नायू दोन्हीकडून सुटलेला नसतो. ऑस्ट्रेलियातले मत्स्यतज्ज्ञ निक रुएलो यांनी अशा न उघडलेल्या शिंपल्या तपासल्या, तेव्हा त्या नीट शिजलेल्या आणि खाण्याजोग्या निघाल्या. मात्र ती वेगळ्या ताटलीत उघडा. कधी आत नुसता चिखल असतो आणि तो सगळ्या रश्शाची वाट लावतो.

उघडली म्हणजे शिजली, असंही नाही. हिपॅटायटिस ‘ए’चा विषाणू मरायला मांसाच्या गाभ्यात 90 अंश सेल्सिअस तापमान दीड मिनिट टिकावं लागतं, आणि शिंपली त्याच्या आधीच उघडते. तेव्हा उघडल्यावरही ती काही मिनिटं निखाऱ्यावर राहू द्या.

‘अग्नीने सगळं शुद्ध होतं’ ही समजूत तर इथे जिवावर बेतू शकते. काही सूक्ष्म शैवालं सॅक्सिटॉक्सिन नावाचं विष तयार करतात, पाणी गाळून खाणाऱ्या शिंपल्यांत ते साठतं आणि शिजवून नष्ट होत नाही. 1997 मध्ये केरळात विळिंजमला अशाच विषबाधेने माणसं दगावली. शिंपल्या खाल्ल्यावर ओठ-जीभ बधिर झाली, तर सोलकढी पीत किंवा दृष्ट काढत बसू नका, तडक रुग्णालय गाठा. या विषावर उतारा नाही. श्वासाचे स्नायू लुळे पडले, तर विष उतरेपर्यंत कृत्रिम श्वास द्यावा लागतो.