पूर, बस, दार, राजीनामा : अक्षरं तीच, इतिहास वेगवेगळा

हिंदीवाला माणूस 'शिक्षा मंत्री' म्हणाला की आपल्याकडं कुणीतरी हसतंच, आणि मग वाद सुरू होतो, शिक्षा म्हणजे खरं काय, मराठीनं शब्द बिघडवला का हिंदीनं. कोल्हापुरात तर हे रोजचंच, कारण इचलकरंजीच्या मागांवर आणि एमआयडीसीत हिंदी बोलणारी माणसं आहेत, कागलच्या पुढं गेलं की कन्नड सुरू होते, आणि आपल्या जुन्या दप्तरात फारसी-अरबी शब्द ठासून भरलेत. मला या वादात एक गोष्ट मनापासून खटकते, ती म्हणजे 'ओरिजिनल अर्थ तोच खरा' हे गृहीत धरणं. म्हणून जरा मागं जाऊन बघूया, एकसारखे दिसणारे शब्द मुळात येतात कुठून.

सुरुवात आपल्याच गावापासून. कोल्हापूर मधला पूर आणि पंचगंगेचा पूर आपण अगदी सारखे लिहितो. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी, आणि २०१९ ला, परत २०२१ ला तर ते ५५ च्या पण वर गेलं. त्या दिवसांत 'कोल्हापुरात पूर' ही हेडलाइन सगळ्यांनी वाचली असेल. पण हे दोन पूर वेगळे आहेत. गावाचा तो संस्कृतातला 'पुर', ऱ्हस्व, म्हणजे नगर, त्याच्याही मागं ऋग्वेदातला 'पुर्' म्हणजे तटबंदीची जागा. पाण्याचा तो 'पूर', मुळातच दीर्घ, भरणं या अर्थाच्या धातूतून आलेला, पूर्ण, पुरवठा, एवढंच काय पुरणपोळीतलं पुरण हे सगळे त्याचेच नातेवाईक.

मग दोन्ही सारखे कसे झाले? तर मराठीच्या लिहिण्याच्या नियमामुळं. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ ला आले, १९७२ ला त्यात चारची भर पडून अठरा झाले, आणि त्यात गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ लिहायचा असं स्पष्ट सांगितलंय. म्हणून आपण कोल्हापूर, सोलापूर, नागपूर लिहितो आणि हिंदीवाले नागपुर लिहितात, त्यांचं चुकत नाही, त्यांनी संस्कृतचा ऱ्हस्व तसाच ठेवला. गंमत म्हणजे सामान्यरूपात दोन्ही परत एकदम ऱ्हस्व होतात, कोल्हापुरात आणि पुरात, म्हणजे फरक तिथंही दिसत नाही. आणि याच्याही आधी मोडीत बघाल तर तिथं ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळतच नसत, एकाच उकारात काम भागायचं, त्यामुळं जुन्या मोडी कागदात गाव का पाणी हे संदर्भावरूनच कळणार. असे कागद जिथं जपलेत त्या पुरालेखागाराच्या नावात आणखी तिसरा 'पुरा' बसलाय, तो 'पूर्वी' या अर्थाचा, त्याचा गावाशी पण संबंध नाही आणि पाण्याशी पण नाही.

आता बस. मला वाटतं देवनागरीत याच्याइतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही. 'बस खाली' मधला बस हा बसणे, जुन्या मराठीत बैसणे, आणि त्याच्या मागं संस्कृत उपविश्. 'आता बस झालं' मधला बस फारसीतून आलाय, पुरे या अर्थाचा. सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाला, जी लागते ती बस इंग्रजीतून आली, पण इंग्रजीत ती लॅटिनच्या 'ऑम्निबस' चं शेपूट तोडून झाली, ऑम्निबस म्हणजे सगळ्यांसाठी, फ्रान्समध्ये १८२० च्या दशकात नांत गावात घोड्यांच्या सार्वजनिक गाड्यांना हे नाव पडलं. म्हणजे त्यातला 'बस' हा निव्वळ विभक्तीचा प्रत्यय, आपल्या 'सर्वांना' मधला 'ना' तेवढा उचलून गाडीला नाव द्यावं तसं. आणि हिंदीत अजून चौथा बस आहे, 'मेरे बस की बात नहीं', तो संस्कृतातल्या 'वश' पासून आला, व चा ब झाला आणि श चा स. चार शब्द चार रस्त्यांनी आले आणि दोन अक्षरांत येऊन थांबले.

असे बरेच आहेत, सगळे सांगत बसत नाही. पानपट्टीतलं पान म्हणजे पर्ण, आणि तिथंच लावलेल्या 'धूम्रपान करू नये' या पाटीतलं पान म्हणजे पिणं. हिंदीतला आंबा 'आम' हा आम्र, आमांश आणि आमवातातला आम म्हणजे न पचलेलं, कच्चं, आणि आमसभेतला आम अरबीतला, सर्वसाधारण या अर्थाचा. आमदारातलाही तोच. त्यातला 'दार' मात्र बघण्यासारखा आहे, कारण घराचं दार हे संस्कृत द्वार आणि इनामदार, जहागीरदार, खासदार यातलं दार फारसी, बाळगणारा, धारण करणारा. फारसीचा हा दार आणि आपलं धारण हे लांबून एकाच मुळाचे, म्हणजे नातं आहे, पण दरवाजाशी नाही.

इथपर्यंत झाले ते वेगळ्या मुळाचे शब्द एका रूपात आलेले. आता उलटं, मूळ एकच आणि अर्थ फुटलेले. शिक्षा हा संस्कृतात शक् धातूच्या इच्छार्थक रूपातून आला, जमावं अशी इच्छा धरणं म्हणजे शिकणं, सहा वेदांगांपैकी एकाचं नावच शिक्षा, त्यात उच्चारांचं शास्त्र. हिंदीनं तो शिकण्याचा अर्थ ठेवला आणि दंडासाठी फारसीतला सजा वापरला. मराठीत शिस्त लावण्याचा, दंडाचा अर्थ शिक्षेकडं गेला आणि शिकण्यासाठी शिक्षण उरलं. पण फक्त मराठीनंच असं केलं असं नाही, कन्नडमध्ये पण शिक्षे म्हणजे दंड आणि शिक्षण म्हणजे एज्युकेशन, अगदी आपल्यासारखं. त्यामुळं कोल्हापूरकडून कर्नाटकातल्या निपाणीला गेलात तर अर्थ बदलत नाही, भोपाळला गेलात तर बदलतो. शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं तेव्हा पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता, म्हणजे शिक्षण आणि शिक्षा एकाच हुकमात. मला तरी या शब्दाच्या दोन्ही फांद्या तिथं एकत्र दिसतात.

राजीनाम्याचंही तसंच. फारसीत राजी म्हणजे तयार, नामा म्हणजे कागद, संमतीचा कागद. उत्तरेकडच्या कोर्टात आजही राजीनामा म्हणजे दोन्ही पार्ट्यांनी केलेली तडजोड, आणि नोकरी सोडायची तर तिकडं इस्तीफा देतात. आपल्याकडं मात्र राजीनामा म्हणजे पद सोडणं, गुजरातीत राजीनामुं आणि कन्नडमध्ये राजीनामे, तिथंही हाच अर्थ. याचा धागा शेतसाऱ्याच्या कागदात आहे असं मला वाटतं. मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीत, म्हणजे सरकार थेट शेतकऱ्याकडून सारा घ्यायचं त्या पद्धतीत, खातेदाराला जमीन सोडायची असेल तर तो राजीनामा लिहून द्यायचा आणि जमीन घेणारा कबुलायत, म्हणजे कबुलीचा कागद, लिहून द्यायचा. राजीखुशीनं हक्क सोडल्याचा कागद म्हणून शब्द गावोगाव रुळला की जमिनीवरून खुर्चीवर जायला कितीसा वेळ लागतो. तेव्हा हिंदी बातमीत 'राजीनामा हो गया' वाचून कुणी पद सोडलं असं समजू नका, केस मिटली असेल.

कन्नडची बाजू मात्र आपण कमी बघतो आणि ते मला बरोबर वाटत नाही, कारण शेजार तोच सगळ्यात जवळचा. आपल्या खेड्यात बा म्हणजे बाप, गुजरातीत बा म्हणजे आई, आणि कन्नडमध्ये बा म्हणजे ये. आणि हत्ती घ्या. आपला हत्ती संस्कृत हस्तिन् पासून, हात म्हणजे सोंड असलेला, प्राकृतात हत्थी होऊन आपल्यापर्यंत आला. कन्नडमध्ये हत्ति, शेवटचा इकार ऱ्हस्व, म्हणजे कापूस. तो मुळात प नं सुरू होणारा शब्द, तमिळमध्ये अजून परुत्ति आहे, पण कन्नडनं शब्दाच्या सुरुवातीचे प पुढं ह केले, तमिळचं पाल म्हणजे दूध तिथं हालु झालं, तसाच कापूस हत्ति झाला. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही, एक उत्तरेकडून घासत आला, एक दक्षिणेकडून, आणि कानाला ते जवळपास सारखे लागतात. खऱ्या हत्तीला कन्नडवाले आने म्हणतात, त्यामुळं कर्नाटकातल्या संकेश्वरच्या दुकानात कुणी हत्ति मागितली तर त्याला दिव्याच्या वातीचा कापूस मिळणार.