परराष्ट्र धोरण आणि दबावगट

सरकारबाहेरच्या संघटित गटांनी देशाच्या परराष्ट्रविषयक निर्णयांना आपल्याला हवे तसे वळण लावण्यासाठी केलेली खटपट. परदेशी मुळे असलेले नागरिक, शस्त्रनिर्माते, निर्यातदार, मानवी हक्क संघटना, परकीय सरकारांनी मोबदला देऊन नेमलेल्या जनसंपर्क कंपन्या असे नाना प्रकारचे गट यात मोडतात. राजकीय पक्षांसारखी त्यांना सत्ता नको असते; सत्तेवर कोणीही असो, ठरावीक प्रश्नावर आपले ऐकले जावे एवढाच त्यांचा आग्रह असतो. या कामाला लॉबिंग म्हणतात.

असे गट बहुतेक लोकशाही देशांत आहेत, पण अभ्यास झाला तो मुख्यतः अमेरिकेतल्या गटांचा. तिथल्या राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने नागरिकांना सरकारकडे दाद मागण्याचा हक्क दिला आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिथे परराष्ट्र धोरण एकट्या राष्ट्राध्यक्षाच्या हातात नाही. परदेशांना मदत, निर्बंध, मोठे शस्त्रव्यवहार यांत काँग्रेसचाही, म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून बनलेल्या तिथल्या संसदेचाही, शब्द चालतो, आणि काँग्रेसच्या सदस्याला मतदारसंघ सांभाळून निवडणुकीचा खर्चही उभा करायचा असतो. निवडणूक निधीची चर्चा फार होते. रोजचे काम मात्र पुष्कळसे कंटाळवाणे असते. विधेयकाच्या मसुद्यात शब्द सुचवायचे, सुनावणीसाठी माहिती पुरवायची, मतदानाआधी मतदारांची पत्रे आणि फोन सदस्यांपर्यंत पोहोचतील असे पाहायचे. बाकीच्या जनतेला ज्या प्रश्नाचे सोयरसुतक नाही, तिथे ही चिकाटी विशेष फळते.

जुलै १९७४ मध्ये तुर्कस्तानने सायप्रसमध्ये सैन्य उतरवले, तेव्हा ग्रीक वंशाच्या अमेरिकनांनी काँग्रेसकडे धाव घेतली. संरक्षणासाठी दिलेली अमेरिकी शस्त्रे चढाईसाठी वापरून तुर्कस्तानने कायदा मोडला, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. राष्ट्राध्यक्ष फोर्ड आणि परराष्ट्रमंत्री किसिंजर यांचा विरोध असूनही फेब्रुवारी १९७५ पासून तुर्कस्तानची शस्त्रे थांबली. तीनच वर्षांनी, पुढचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या आग्रहावरून, काँग्रेसने ही बंदी उठवली.

राष्ट्राध्यक्षाने सारे वजन खर्ची घातले, तर बलाढ्य समजला जाणारा गटही हरतो. १९८१ मध्ये सौदी अरेबियाला ॲवॅक्स टेहळणी विमाने विकण्याच्या रीगन यांच्या प्रस्तावाला इस्रायलसमर्थक संघटना ‘एपॅक’ने कसून विरोध केला. प्रतिनिधिगृहाने तो व्यवहार ३०१ विरुद्ध १११ मतांनी फेटाळला, पण तो रोखायला दोन्ही सभागृहांचा नकार लागत होता, आणि सिनेटमध्ये रीगन ५२–४८ असे निसटते तरले. पाच वर्षांनी उलटा प्रकार घडला. वर्णभेदविरोधी संघटना आणि चर्चच्या रेट्यापुढे काँग्रेसने रीगन यांचा नकाराधिकार मोडीत काढून दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध लादले.

टिकाऊ विजयाचे सर्वांत ठळक उदाहरण क्यूबाचे. कॅस्ट्रो राजवटीतून बाहेर पडलेल्या क्यूबन मंडळींनी १९८१ मध्ये ‘क्यूबन अमेरिकन नॅशनल फाउंडेशन’ स्थापन केले. होर्हे मास कानोसा हे त्याचे नेते. फ्लोरिडासारख्या अटीतटीच्या राज्यातल्या एकगठ्ठा मतांमुळे दोन्ही पक्ष त्यांना दुखवायला कचरत. १९८५ मध्ये क्यूबासाठी ‘रेडिओ मार्ती’ हे अमेरिकी सरकारी नभोवाणी केंद्र सुरू झाले, १९९२ मध्ये निर्बंध कडक झाले. २४ फेब्रुवारी १९९६ रोजी क्यूबाच्या लढाऊ विमानांनी निर्वासितांच्या एका संघटनेची दोन छोटी विमाने पाडली आणि चौघे ठार झाले. तोवर क्यूबावरचे निर्बंध आणखी आवळणाऱ्या हेल्म्स–बर्टन विधेयकाबाबत नाखूष असलेल्या राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी, निवडणुकीच्या त्या वर्षी, महिन्याभराच्या आत त्यावर सही केली. या कायद्यातली खरी मेख अशी, की तोपर्यंत बऱ्याच अंशी राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांवर उभी असलेली व्यापारबंदी आता कायद्यात बसली. पुढे ओबामांनी क्यूबाशी राजनैतिक संबंध जोडले, जुलै २०१५ मध्ये वकिलाती उघडल्या, निर्बंधही सैल केले. पण व्यापारबंदी पूर्णपणे उठवणे त्यांच्या हातात नव्हते. गटाचा जोर ओसरल्यावरही त्याने मिळवलेला कायदा मागे उरतो, आणि तो रद्द करायला तितकाच जोर लावणारे कोणी नसते.

प्रभाव मोजायचा कसा, हा या विषयातला जुना तिढा आहे. ऑगस्ट १९९०मधल्या इराकी आक्रमणानंतर कुवेतच्या बाजूने ‘हिल अँड नोल्टन’ ही जनसंपर्क कंपनी नेमण्यात आली. ऑक्टोबरमध्ये एका पंधरा वर्षांच्या मुलीने, इराकी सैनिकांनी इस्पितळातली अर्भके इन्क्युबेटरमधून काढून मरायला टाकली, असे काँग्रेस सदस्यांच्या मानवी हक्क गटासमोर सांगितले. ती कुवेतच्या राजदूताची मुलगी असल्याचे १९९२ मध्ये, युद्ध उरकल्यावर, उजेडात आले आणि तिच्या कथनाला आधार सापडला नाही. हा प्रकार निंद्यच. तरीही युद्ध त्यामुळे झाले असे म्हणता येत नाही, कारण राष्ट्राध्यक्ष बुश (थोरले) यांनी ऑगस्टमध्येच सौदी अरेबियात सैन्य धाडले होते. अमेरिकेच्या मध्यपूर्व धोरणाबद्दल मिअरशायमर आणि वॉल्ट या प्राध्यापकांनी २००६ मध्ये इस्रायलसमर्थक गटांना निर्णायक महत्त्व दिले, तेव्हाही हाच वाद पेटला. भाषाशास्त्रज्ञ आणि अमेरिकी धोरणाचे टीकाकार नोम चॉम्स्की यांच्यासारख्यांच्या मते तेल आणि सामरिक स्वार्थ यांचे वजन त्याहून मोठे होते. सरकारला जे करायचेच होते त्याचे श्रेय गट घेतात आणि विरोधक त्याच गटांवर खापर फोडतात. दोन्ही दावे बेतानेच घ्यावेत.

नियमनाचा जुना नमुना म्हणजे अमेरिकेचा १९३८ चा परकीय हस्तक नोंदणी कायदा. नाझी प्रचाराला आळा घालण्यासाठी तो झाला. परकीय सरकारच्या सांगण्यावरून काम करणाऱ्याने नोंदणी करून व्यवहार उघड करावेत, अशी त्यात सक्ती आहे. स्वदेशी नागरिकांच्या संघटनांना तो लागू होत नाही, मग त्यांची भूमिका एखाद्या परदेशाशी कितीही जुळो. ‘एपॅक’ची नोंद म्हणूनच देशांतर्गत लॉबिंगच्या कायद्याखाली होते. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये अशीच नोंदणी सुरू केली. रशियाने २०१२ मध्ये आणि जॉर्जियाने २०२४ मध्ये केलेल्या कायद्यांचे समर्थनही अमेरिकेकडे बोट दाखवूनच झाले. त्यांत मात्र परकीय आदेशाचा पुरावा लागत नाही. परदेशातून निधी आला एवढ्यावर संस्थेला जाळ्यात ओढता येते, आणि त्याची झळ बसली ती प्रामुख्याने स्वयंसेवी संस्थांना आणि स्वतंत्र वृत्तमाध्यमांना.