सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न आणि श्रमविषयक दृष्टिकोन

समाजातील प्रत्येक व्यक्तीला, तिची मिळकत किंवा काम करण्याची तयारी न तपासता, नियमितपणे रोख दिली जाणारी रक्कम म्हणजे सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न. बेकारभत्त्याला काम शोधण्याची अट असते आणि रोजगार हमीत श्रमाच्या मोबदल्यात मजुरी मिळते. येथे अशी कोणतीच अट नसल्यामुळे ‘काम न करणाऱ्याला पैसे का द्यावेत’ हा प्रश्न या कल्पनेला प्रारंभापासून चिकटलेला आहे.

कल्पनेच्या उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो टॉमस मोर यांच्या ‘यूटोपिया’पर्यंत (१५१६) नेतात. चोरांना फाशी देण्यापेक्षा सर्वांना उपजीविकेचे साधन द्यावे, असा विचार त्यात येतो खरा. परंतु मोर यांच्या आदर्श बेटावर श्रम सक्तीचेच आहेत. स्पॅनिश मानवतावादी विचारवंत हुआन लुईस व्हिव्हेस यांनी १५२६ मध्ये दरिद्री लोकांच्या पोषणाची जबाबदारी नगरशासनावर टाकली, तीही धडधाकटांनी काम करावे या अटीवर. टॉमस पेन यांनी १७९७ च्या पुस्तिकेत जमीन ही मानवजातीची सामाईक मालमत्ता मानून एकविसाव्या वर्षी एकदाच १५ पौंड आणि पन्नाशीपासून दरसाल १० पौंड देण्याचे सुचवले व ही रक्कम दान नसून हक्क असल्याचे निक्षून सांगितले. त्याच वर्षी टॉमस स्पेन्स यांनी जमिनीच्या खंडातून खर्च वजा जाता उरणारी रक्कम स्त्री, पुरुष व मुले यांत नियमितपणे समान वाटण्याची योजना मांडली. व्याख्येच्या कसोटीवर स्पेन्स यांची मांडणी अधिक जवळची ठरते.

पैसे दिल्याने माणसे आळशी होतात, या समजुतीला इंग्लंडमधील स्पीनहॅमलंड पद्धतीचा आधार दीर्घकाळ दिला गेला. बर्कशरच्या दंडाधिकाऱ्यांनी १७९५ मध्ये पावाच्या भावाशी निगडित मजुरीपूरक मदत सुरू केली. तिने मजूर बिघडले, असा निष्कर्ष १८३४ च्या चौकशी आयोगाने काढला. आयोगाने पुरावा पूर्वग्रहाने हाताळला, हे मार्क ब्लॉग आदी उत्तरकालीन अभ्यासकांचे मत अधिक ग्राह्य वाटते. शिवाय ही मदत गरज पाहून दिली जाई, त्यामुळे तिचा दाखला मुळातच गैरलागू आहे. तरीही त्या अहवालाने गरिबांवर बसवलेला आळशीपणाचा शिक्का पुढे फार काळ पुसला गेला नाही.

आधुनिक प्रयोग मर्यादित आहेत. फिनलंडमध्ये २०१७–१८ मध्ये २,००० बेकारांना दरमहा ५६० यूरो दिले असता रोजगार घटला नाही, किंचित वाढला. मध्य प्रदेशातील विनाअट रोख रकमेच्या प्रयोगात (२०११–१२) काही कुटुंबे मजुरीकडून स्वतःच्या शेतीकडे वळली. अमेरिकेत १९६८ नंतर झालेल्या ऋण आयकराच्या (मिळकत ठरावीक मर्यादेखाली असल्यास कर घेण्याऐवजी सरकारनेच पूरक रक्कम देण्याच्या) प्रयोगांत मात्र कामाचे तास काहीसे घटले, विशेषतः विवाहित स्त्रियांचे. ही घट म्हणजे श्रमाचा त्याग की घरातील बिनपगारी श्रमाकडे वळणे, हे पगारी तासांच्या मोजणीतून कळत नाही.

तात्त्विक वादात अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी दिवसभर समुद्रलाटांवर खेळणाऱ्याने आपल्या निर्वाहाची सोय स्वतः पाहावी, असे म्हटले. फिलिप व्हान पारिज यांनी १९९१ मध्ये उलट बाजू घेतली: नोकरी ही स्वतःच एक दुर्मिळ संपत्ती असून ती न घेणाऱ्याचाही तिच्यात वाटा आहे. अर्थतज्ज्ञ अँथनी ॲटकिन्सन यांनी सुचवलेल्या, समाजोपयोगी सहभागाच्या अटीवर मिळणाऱ्या ‘सहभाग उत्पन्ना’त शुश्रूषा, संगोपन व स्वयंसेवा यांनाही काम मानून मधला मार्ग काढला आहे, मात्र अशा कामाची नोंद कोणी व कशी ठेवावी, हा त्यातील अवघड भाग आहे.